मुरमाडावरची तिखाडी

मोरेश्वर कळंबे यांनी खांद्यावरून घसरणारी शाल डाव्या हाताने धरली आणि उजव्या हाताने मांडीवरचा नारळ सावरला. मोहगावच्या शाळेच्या पटांगणात सतरंज्यांवर चारशे मुलं बसली होती, आणि मोठे गुरुजी माइकजवळ तोंड नेऊन ती गोष्ट सांगत होते. दर दोन ऑक्टोबरला कुठल्या ना कुठल्या शाळेत कोणीतरी ती सांगायचंच.

"तर विद्यार्थी मित्रांनो, तीस सालचा तो काळ. जंगल सत्याग्रह जोरात. सरकार इतकं पिसाळलेलं, की डोक्यावर गवताचा भारा दिसला की धर आणि टाक आत. अशातच चार गरीब बायांना नाक्यावर पकडलं. भाऱ्यात होती तिखाडी, जिचं सुगंधी तेल निघतं ती. तिखाडीच्या दोन जाती. टेकडीवर राखीव जंगलात होते ती मोतिया, तिचा सरकारी ठेका. खाली ओलाव्यात होते ती सोफिया, तिला कोणी विचारत नाही. कोर्टात मॅजिस्ट्रेटनं आपल्या कळंबेजींना विचारलं, बोला, हे गवत कोणतं? कळंबेजी तेव्हा जंगल खात्यात होते. गवताचे पंडित! त्यांनी भारा हुंगला. वास मोतियाचाच! पण ते काय म्हणाले?"

"सोफिया!" मुलं एका सुरात ओरडली. गेल्या वर्षीही त्यांनी हीच गोष्ट ऐकली होती.

मोरेश्वर हसले. वय ऐंशी झालं होतं, गुडघे दुखत होते, पण या एका शब्दावर मुलं ओरडली की त्यांना बरं वाटे. आयुष्यात एकदाच त्यांनी एका गवताचं नाव जाणूनबुजून चुकीचं सांगितलं होतं, आणि त्याच चुकीसाठी लोक त्यांना शाली पांघरत होते.

टाळ्या थांबल्या तेव्हा शाल-श्रीफळाचं रिकामं ताट हातात घेऊन बाजूला उभी असलेली तरुण शिक्षिका एक पाऊल पुढे आली.

"बाबाजी, एक विचारू?"

"विचारा की."

"मग त्या बायांनी ते गवत चोरलंच होतं का?"

मोठ्या गुरुजींच्या कपाळावर आठी पडली. पण मोरेश्वरांना प्रश्न आवडला. त्यांनी माइक आपल्याकडे ओढला.

"चोरलं होतं, बाई. पण पोटासाठी केलेल्या चोरीला मी चोरी म्हणत नाही."

पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. शिक्षिकेने ताट टेबलावर ठेवलं आणि ती मुलांच्या मागे, अगदी शेवटच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिली. कार्यक्रम संपेपर्यंत ती तिथेच होती. मोरेश्वरांनी दोनदा तिकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

*

नागपूरच्या शेतकी कॉलेजात दोन वर्षं काढून मोरेश्वर सत्तावीस साली जंगल खात्यात लागले होते. हॉर्टन नावाच्या साहेबाच्या हाताखाली. साहेबाला वाघाबिघांचं कौतुक नव्हतं, त्याला गवताचं वेड होतं. त्याने या पंचविशीच्या आतल्या कुणब्याच्या पोराच्या हाती एक भिंग दिलं आणि सांगितलं, तालुक्यातलं एक पातंही सुटता कामा नये. तीन वर्षं मोरेश्वर सौंसर, रामाकोना, जामसांवली, मोहगाव असे फिरले. पाठीवर लाकडी फळ्यांचा दाब, त्यात वाळत घातलेली गवतं, बगलेत लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही. घरची माणसं म्हणत, बैलाला कळतं ते शिकायला पोरगा कॉलेजात गेला. पण तीस सालापर्यंत वहीत एकशे बेचाळीस गवतं झाली. साहेबाने ती यादी छापून घेतली आणि तिची एकेक प्रत तालुक्यातल्या सगळ्या जंगल नाक्यांवर पाठवली.

मग तो खटला आला. कोर्टातून बाहेर पडल्यावर हॉर्टन साहेब एवढंच म्हणाला होता, "कळंबे, सर्दी झाली आहे का तुम्हाला?" मोरेश्वरांनी मान खाली घातली. चार दिवस त्यांना वही उघडवेना. ज्या तोंडाने गवताचं नाव खोटं सांगितलं, त्या तोंडाने आता आणखी नावं कशी सांगायची? पाचव्या दिवशी त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवला. पंधरवडा उलटायच्या आत ते रामाकोन्याकडच्या टेकडीवर सत्याग्रहींच्या तुकडीत होते. विळ्याने एक मूठभर तिखाडी कापून त्यांनी ती पोलिसासमोर धरली आणि म्हणाले, "लिहून घ्या, ही मोतिया आहे." पोलिसाला काही कळलं नाही, पण मोरेश्वरांना त्या क्षणी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तुरुंगाच्या आवारात त्यांनी अकरा गवतं ओळखली आणि कोळशाने भिंतीवर लिहून ठेवली.

सुटल्यावर सरकारी नोकरी मिळणार नव्हतीच. पांढुर्ण्याला वडिलांच्या वावरात संत्री लावली. बेचाळीस साली पुन्हा दीड वर्ष आत. बाहेर आले की बगीचा आणि वही, वही आणि बगीचा. कोर्टातली गोष्ट त्यांनी चाळीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती. बहात्तर साली ताम्रपट मिळाला, तेव्हा घरी आलेल्या एकाने सहज विचारलं की नोकरी का सोडली, आणि ते बोलून गेले. तेव्हापासून ती गोष्ट त्यांची राहिली नाही. शाळाशाळांत फिरू लागली.

*

गांधी जयंतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मोरेश्वर ओसरीवर बसून दाबातले जुने वर्तमानपत्राचे कागद बदलत होते. फाटक वाजलं. मोहगावच्या शाळेतली तीच शिक्षिका आत आली. पायांत साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी.

"नमस्कार. मी इंदू सोमकुवर."

"ओळखलं न. तुम्ही प्रश्न विचारला होता."

"हो." ती पायरीच्या खालीच उभी राहिली. "माझ्या आजीनं तुम्हाला बोलावलं आहे. तिच्यानं लांबचं चालणं होत नाही, नाही तर तीच आली असती. कौतिकाबाई."

नाव ऐकून मोरेश्वरांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. इंदूने ते पाहिलं.

"त्या चौघींतली एक," ती म्हणाली.

मोरेश्वर इतक्या झटक्यात उठले की मांडीवरचे कागद ओसरीभर उडाले.

"आहे? अजून आहे?"

"आहे. बाकीच्या तिघी गेल्या."

"चला," ते म्हणाले. "आत्ताच चला."

सून प्रेमलता आतून पोळपाट हातात घेऊनच बाहेर आली. "मामाजी, जेवून तरी जा. ह्या उमरीत असं धावतपळत कोणी जाते का?"

पण मामाजींनी टोपी घातली होती. लाल वही पिशवीत टाकली होती. जाता जाता त्यांनी सुनेला सांगितलं, "पंचावन्न वर्षांनी बोलावणं आलं आहे, बाई. जेवण रोजच असते."

सौंसरच्या बसमध्ये इंदू त्यांच्या शेजारी बसली. मोरेश्वर खिडकीतून बोट दाखवून सांगत होते, ते पवन्या, ते कुंदा, ती बघा कुसळी. ती मान हलवत होती. शेवटी त्यांनी विचारलं,

"आजी काय म्हणते?"

"तीच सांगेल तुम्हाला."

मोरेश्वरांना तो संकोच वाटला. आभार मानायचे असतील म्हातारीला, नातीला सांगता येत नसेल. आपण काय म्हणायचं, हे ते मनात जुळवू लागले. माझं कर्तव्यच होतं ते. नाही, हे फार भाषणासारखं झालं. मी काही केलं नाही, बाई, तुमचं नशीब. तेही बरोबर नाही. सौंसरच्या स्टँडवर मोहगावची बस लागायला वेळ होता. तेवढ्यात त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो पेढे घेतले आणि पुड्याची दोरी पुन्हा पुन्हा घट्ट केली.

*

सोमकुवरांचं घर विटांचं, दोन खोल्यांचं होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी झेंडूची फुलं. इंदूचे वडील दादाराव बाजार समितीत चपराशी होते. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि मग स्वतः दाराशी उभे राहिले. कौतिकाबाई बाजेवर बसली होती. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची, काटक, पांढरं लुगडं, डोळे चष्म्याशिवायही लख्ख. मोरेश्वरांनी पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला. तिने तो बाजेवर बाजूला ठेवला.

"बसा, बाबू."

पंचावन्न वर्षांत त्यांना कोणी बाबू म्हटलं नव्हतं. ते बसले. कौतिकाबाईची सून सुशीलाने चहा आणला.  त्यांनी कप खाली ठेवल्यावर कौतिकाबाईने दादारावांकडे बोट केलं.

"हा तवा माह्या पाठीवर होता. चार महिन्याचा. कोर्टात रडला म्हणून शिपायानं मले दाराजवळ उभं केलं होतं. आठोते तुमाले?"

मोरेश्वरांनी आठवून पाहिलं. मॅजिस्ट्रेटचं टेबल आठवलं, त्यावर ठेवलेला भारा आठवला, भाऱ्याला बांधलेला पळसाच्या सालीचा आळा आठवला. बाया आठवल्या नाहीत. चार लुगडी, एवढंच काहीतरी.

"खरं सांगू का, नाही आठवत," ते म्हणाले.

"बरं केलं, खरं सांगतलं." ती थोडी पुढे सरकली. "बाबू, तुमी आमाले सोडवलं. जेलात जाऊ दिलं नाही. ते उपकार मी कधी नाकारले नाही. ह्या पोट्ट्यालेही सांगत आली, एक बाबू होता म्हणून. पण आता माह्या नातीले शाळेतली एक मास्तरीण हसून म्हणते, तुह्या आजीनं चोरली न व ते तिखाडी? पोरगी त्या दिवसापासून डबा शाळेत नेत नाही. झाडाखाली एकटी बसून राह्यते."

"आजी," इंदू हळूच म्हणाली.

"तू चूप राय. मले बोलू दे."

मोरेश्वरांनी इंदूकडे पाहिलं. मग खाली.

"बाई, मी तर म्हटलं होतं की ती चोरी नव्हेच. पोटासाठी—"

"तुमी म्हटलं, चोरलं होतं. स्टेजवर म्हटलं. पोटासाठी हे मागून म्हटलं." तिचा आवाज चढला नव्हता. "ते गवत कोठचं होतं, बाबू?"

"टेकडीवरचं. मोतिया होती ती. माझं नाक तेव्हा कुत्र्यासारखं होतं."

"मोतिया होती हे बराबर. टेकडीवरची नोहोती."

"मोतिया टेकडीखाली होतच नाही, बाई. मी सगळा तालुका पायाखाली घातला होता."

"इथी मागं मुरमाड हाय. आमच्या वस्तीच्या मागं. तिथी होते ते. आताही हाये. तवा त्याच्यावर गावची मेलेली ढोरं टाकत. कातडं आमीच काढो, गवतही आमीच कापो. दुसरं कोण येईन तिथी?" तिने थेट त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी आलते का?"

दारात दादारावांनी पाय बदलला. बाहेर कोणाचा तरी रेडिओ वाजत होता.

मोरेश्वरांना आता खटला नव्हे, त्याच्या आदल्या वर्षीची एक दुपार आठवली. ते मोहगावच्या शिवारात होते. पाठीवर दाब. वाट दाखवायला आलेला कोतवाल वस्तीच्या टोकाशी थांबला, त्याने नाकाला उपरण्याचा पदर लावला आणि म्हणाला, तिकडे काही नाही, बाबूजी. वारा त्याच बाजूचा होता. मोरेश्वरही तिथूनच मागे फिरले होते. वहीत त्यांनी लिहिलं होतं: पडीक, निरुपयोगी. एक शब्दही न खोडता तो कागद छापला गेला होता.

"नाही," ते म्हणाले. "आलो नव्हतो."

"आमी सौंसरच्या बाजाराले नेऊन राह्यलो होतो. नाक्यावर धरलं. आमी लाख सांगतलं, जी, आमच्या इथचं हाये, चाला दाखवतो. तर तो नाकेदार म्हणे, मोतिया तिथी होतेच नाही. त्याच्यापाशी छापील कागद होता. म्हणे, कळंबेबाबूनं लिवलं हाय."

मोरेश्वरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या. पुसून झाल्या तरी चष्मा डोळ्यांवर न घालता तो हातातच धरून बसले.

"कोर्टात का नाही सांगितलं हे?"

"इचारलं कोणी?" कौतिकाबाई म्हणाली. "साहेब इंग्रजीत बोले, तुमी इंग्रजीत बोले. मंग शिपाई म्हणे, जा, सुटल्या. आमी गेलो."

इंदूने पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ आणून ठेवला. त्यांनी पाणी घेतलं नाही. मग ते बोलले, आणि या वेळी त्यांची भाषा स्टेजवरची नव्हती, घरची होती.

"मंग मी तवा खरं बोललो असतो, मोतिया म्हणून सांगतलं असतं, तर तुमी चौघी आत गेल्या असत्या. माह्या खऱ्यानं."

"आता ते काय काढता, बाबू."

"मले दाखवता का ती जागा?"

*

मुरमाड फार दूर नव्हतं. एका बाजूने इंदूने आजीचा हात धरला होता, दुसऱ्या बाजूने दादाराव चालत होते. मोरेश्वर मागून काठी टेकत आले. छप्पन सालानंतर वस्तीने ढोरं ओढणं सोडलं होतं. अर्ध्या उंचवट्यावर आता छोटं विहार उभं होतं, चुन्याने पांढरं केलेलं. एका अंगाला चार नवी घरं. पण मागची उतरण तशीच होती, लालसर, खडबडीत, पाणी न थांबणारी. आणि तिच्यावर पुरुषभर उंचीची तिखाडी उभी होती. तुरे फुलून तांबूस झालेले. वारा आला की सगळी उतरण एकदम एका बाजूला कलायची.

मोरेश्वर उतरणीच्या काठावर थांबले. मग गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसले. पान खोडाला जिथे धरतं तिथे ते हृदयाच्या आकाराचं होतं, आणि पानं खोडापासून थेट आडवी पसरली होती. सोफियाची अशी आडवी होत नाहीत, वर ओढलेली असतात. ठोंब सुटे, एकमेकांपासून हात-दीड हात दूर. मुरूम, उतार, ऊन. मोतियाला जे हवं ते सगळं होतं. त्यांनी एक पान तोडलं, तळहातावर चुरगळलं आणि नाकाशी नेलं. पुन्हा नेलं.

मग त्यांनी तो हात कौतिकाबाईपुढे धरला.

"माह्या नाकाले दोन वर्षांपासून काही समजत नाही. तुमी सांगा. कसा येते वास?"

कौतिकाबाईने त्यांचं मनगट धरून तळहात जवळ घेतला.

"ठेकेदार म्हणत, गुलाबावानी येते. मी तवा गुलाब कोठी पाह्यला होता? मले तिखाडीचाच येते." ती पहिल्यांदा हसली. "मोतियाच हाये, बाबू. सोफिया अशी गोड नसते. सोफिया तिकडे खाली हाये, नाल्याच्या काठी. दोन्ही कापल्या मी जिंदगीभर."

मोरेश्वरांनी वही उघडली. पानं पिवळी पडली होती, कडा कुरतडल्या होत्या. मोतियाच्या नोंदीपुढे तीस सालची शाई होती: टेकडीखेरीज अन्यत्र नाही. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, त्या तीन शब्दांवर एक रेघ मारली आणि खाली मोकळ्या जागेत लिहिलं. लिहून झाल्यावर वही इंदूच्या हातात दिली.

इंदूने मोठ्याने वाचलं. "मोहगाव. वस्तीमागचं मुरमाड. पूर्वीपासून. दाखवणाऱ्या, कौतिकाबाई सोमकुवर."  तिने वही परत देण्याआधी ते पुन्हा एकदा मनात वाचलं.

"हे झालं वहीचं," कौतिकाबाई म्हणाली. "शाळेचं?"

"उद्या सोमवार. प्रार्थनेच्या वेळी मी येतो. सगळ्या मुलांसमोर सांगतो की मी चुकलो. जसं झालं तसं सांगतो."

कौतिकाबाई उतरणीकडे पाहत राहिली. कोणी तरी मोठा माणूस माइकसमोर उभा राहून आपल्याबद्दल बोलतो आहे, हे तिने एकदा नातीच्या तोंडून ऐकून घेतलं होतं. तिने नकारार्थी मान हलवली.

"तुमी गवताचं नाव सांगा, बाबू. बाकीचं मी सांगतो."

"आजी, चारशे मुलं असतात," इंदू म्हणाली. "माइकवर बोलावं लागते."

"मंग काय झालं? माइक का खाते का मले?"

*

मोरेश्वर त्या दिवशी पांढुर्ण्याला परतले नाहीत. दादारावांनी कंडक्टरच्या हाती प्रेमलताला निरोप पाठवला आणि आपली बाज त्यांना दिली. सकाळी मोठे गुरुजी ऑफिसचं कुलूप काढत होते, तेव्हा हे दोघं म्हातारे पायरीवर उभे होते. त्यांचं म्हणणं ऐकून गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

"पाच मिनिटं चालतील का, कळंबेजी? पहिला तास गणिताचा आहे."

"पाहू," मोरेश्वर म्हणाले.

प्रार्थना झाली. मोरेश्वर माइकपाशी गेले. आज शाल नव्हती, हातात फक्त मातीसकट उपटलेला एक ठोंब होता.

"दोन तारखेला मी इथे सांगितलं की चार बायांनी हे गवत चोरलं होतं. मला ते माहीत नव्हतं, तरी मी सांगितलं. गवत मोतियाच आहे. पण ते टेकडीवरचं नाही. तुमच्या गावातलं, या बाईंच्या घरामागचं आहे. माझी वही चुकली होती. त्या चुकीपायी यांना कोर्टात उभं राहावं लागलं. पुढचं या सांगतील."

त्यांच्यासाठी ठेवलेली खुर्ची त्यांनी कौतिकाबाईसाठी पुढे ओढली आणि स्वतः पहिल्या रांगेत, तिसरीच्या मुलांशेजारी सतरंजीवर जाऊन बसले. दोन मुली खुदकन हसल्या आणि त्यांना जागा करून दिली. शिक्षकांच्या ओळीत एक बाई पदराशी चाळा करत खाली पाहत होत्या. इंदू त्यांच्या शेजारीच उभी होती. ती शेवटच्या रांगेकडे गेली नाही.

कौतिकाबाई खुर्चीवर बसली नाही. तिने माइकला हात लावून पाहिला, मग त्याच्यापासून एक पाऊल मागे सरली, आणि तरीही तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"आमी चौघी होतो. मी, भिवरा, तानी, अन् सगुणी. भिवरा आमच्यात मोठी. विळे तिनंच धार लावून आणले होते..."

तिने मुरमाड सांगितलं, ढोरं सांगितली, तिथून येणारा वास आणि त्याच जागेवर आश्विनात येणारा दुसरा वास सांगितला. सासूचे गुडघे आणि तिखाडीचं उकळलेलं पाणी सांगितलं. नाका सांगितला. पाठीवरचं पोर कोर्टात कसं रडलं आणि शिपायाने कसे डोळे वटारले, ते तिने करून दाखवलं, तेव्हा मुलं हसून लोळली. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. गणिताचे गुरुजी खडूचा डबा हातात धरून ऐकत उभे होते.

"झालं," ती शेवटी म्हणाली. "आता इचारा, काय इचाराचं ते."

 मग मधल्या रांगेतून एक हात वर आला, मग आणखी दोन, मग पाच-सहा. तुम्हाला भीती वाटली होती का, आजी? गवताचं तेल अजून काढता येतं का? भिवरा आजी कुठे राहत होत्या? तिने एकेकाला उत्तर दिलं, कोणालाही घाई न करता.

पहिल्या रांगेत तिसरीच्या मुलांमध्ये एक सुरकुतलेला हात वर आला होता आणि आपली पाळी येईपर्यंत वरच राहिला होता.

कौतिकाबाईचं लक्ष तिकडे गेलं.

"बोला, बाबू," ती म्हणाली.